मधला फेस

तोटीच्या काचेच्या फनेलमध्ये खाली आम्लाचं पाणी आहे, वर रॉकेल आहे आणि दोघांच्या मध्ये सकाळपासून बोटभर फेस ठाण मांडून बसला आहे. तो वरही जात नाही, खालीही उतरत नाही. त्याच्याकडे बघून बघून माझं डोकं उठलंय.

समुद्राच्या वाळूतली मूलद्रव्यं वेगळी करणं हे माझं काम. लोकांना वाटतं, त्यातलं किरणोत्सारी थोरियम मला छळत असेल. छे! ते बिचारं आधीच निमूट बाहेर पडतं. जीव खातात ती उरलेली, कुणालाही न भिववणारी दुर्मीळ मूलद्रव्यं. सगळी सख्खी भावंडं, एकमेकांना सोडायला तयारच नाहीत. हलवा, निवळू द्या, पुन्हा हलवा. दर खेपेला एखादं भावंड पाण्यातून रॉकेलमध्ये किंचित जास्त चढतं, केसाएवढाच फरक पडतो.

"मॅडम, आज फार जोरात हलवलंत," शेजारच्या टेबलावरून उज्ज्वला म्हणाली. "म्हणून फेस झालाय."

हलवलं खरं. सकाळीच फोनवर धाकट्या बहिणीशी कडाक्याचं भांडण झालं होतं. ती म्हणते, आई माझ्याकडे राहील. मी म्हणते, माझ्याकडे. परक्याशी वाजलं की माणूस मोकळा तरी होतो. इथे जितकं तावातावानं बोलावं, तितकं सगळं आणखी गढूळ होतं.

फेस अजून तसाच होता. तेवढ्यात बहिणीचा फोन आला.

"हे बघ, मी काय म्हणते..." आम्ही दोघी एकदमच म्हणालो, आईच्याच त्या चिडक्या आवाजात.