रोज झाडलेलं रिंगण

दिरियेला मी अदीर म्हणतो, कारण तो माझा सख्खा चुलता. हट्टीपणात त्याचा हात धरणारा आमच्या इजाराच्या माळावर दुसरा कुणी नाही. दुष्काळात त्याच्या गाई गेल्या, दोनच उरल्या. बायको दहाबो म्हणाली, "चल, शहरात, गारिसाला मुलाकडे राहू." हा म्हणाला, "अरावला अजून माळावर आहे. तो असताना उठायचं नसतं."

अरावला हरीण गाईंबरोबर चरत असेल तर कळपाला बरकत येते, असं आम्ही सगळेच मानतो. पण म्हणून कुणी बायकोला जाऊ देत नाही.

आमच्यात झोपडी बाईची असते. दहाबोने चटया सोडल्या, वाकवलेले खांब उपटले, सगळं गाढवांवर लादलं आणि निघाली. मागे राहिले चुलीचे तीन दगड, झोपडीखालचं मातीचं रिंगण आणि बाभळीखाली बसलेला नवरा. रिंगण तो रोज सकाळी फांदीने झाडायचा.

अरावलाही एकटाच होता. वाळूच्या रंगाचा, लांबोडक्या तोंडाचा, पांढऱ्या शेपटीचा. डोळ्यांवरून चष्म्यासारखी पांढरी रेघ, आणि डोळ्यांखाली काळे खड्डे, म्हणून चार डोळ्यांचा. माद्या येतील म्हणून त्याने आखूड गवताचा एक तुकडा धरून ठेवला होता. सकाळी आपल्याच लेंड्यांच्या ढिगावर उभा राहायचा, खुराने माती उकरायचा, गुडघे टेकून शिंगं जमिनीत खुपसायचा. मग दिवसभर नुसता उभा. कुणी येत नव्हतं.

दहाबो माझ्या फोनवर बोलायची. "म्हाताऱ्याला सांग, त्या चारडोळ्याशीच संसार कर म्हणावं." मी निरोप दिला की अदीर हसायचा आणि त्या हरणाकडेच बघत बसायचा.

गवत हिरवं झालं तेव्हा एकदा झुडपांतून माद्या आल्या. अरावला मान ताठ करून त्यांच्याभोवती फिरला, नाकपुड्या फेंदारून हुंगत राहिला. दुपारपर्यंत त्या चरल्या आणि पलीकडे चालू लागल्या. हा मागोमाग आपल्या हद्दीवरच्या शेवटच्या ढिगापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

अदीर उठून ओरडला, "अरे मूर्खा, जा की पुढे! लेंड्यांच्या ढिगापायी बायका घालवल्यास!"

मी खो खो हसलो. अदीर हसला नाही. खाली बसत म्हणाला, "उद्या गारिसाची गाडी कधी असते रे?"

मी लगेच दहाबोला फोन लावला. या वेळी तिने टोमणा मारला नाही. एवढंच विचारलं, "दात आहेत ना अजून त्याला? मांस मऊ शिजवते."

सकाळी अदीरने धुतलेली लुंगी नेसली, काठी घेतली. गाई माझ्या बहिणीकडे सोपवल्या. रस्त्यावर गाडी आली, माणसांनी आणि बकऱ्यांनी भरलेली. एका बाईने सरकून जागा केली. "या आबा, बसा." अदीरने दाराला हात लावला. एक पाय वर ठेवला, पुन्हा खाली घेतला.

"गाई कोण बघणार?"

"बहीण बघतेय की!"

"तिला काय कळतंय." त्याने दार सोडलं. गाडी गेली.

परतताना मी खूप बोललो, नको तेही बोललो. तो काठी टेकत पुढे चालत राहिला. बाभळीपाशी पोचल्यावर त्याने फांदी उचलली आणि चुलीच्या दगडांभोवती झाडायला लागला.

"आता कशाला झाडतोस, अदीर?"

"ती आली आणि तिला जागाच सापडली नाही तर?"

मला रडू आलं आणि रागही आला. खिशात फोन वाजत होता. दहाबोचाच होता. मांस शिजलं असणार. मी फोन उचलला नाही.