करीमभाईंचं गोकर्ण

आमच्या औरंगाबादच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे दोन जाणकार होते. एक विभागप्रमुख नानासाहेब, ज्यांच्या नावापुढे पदव्यांची रांग होती. दुसरे प्रयोगशाळेचे शिपाई करीमभाई, ज्यांच्या हातात झाडू होता. त्यांचे वडील एका जहागीरदाराच्या बागेत माळी. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर जहागीर गेली, बाग गेली आणि करीमभाई कॉलेजात 'तात्पुरते' म्हणून लागले. मी तिथे शिकायला गेलो तेव्हा या तात्पुरतेपणाला अकरा वर्षं झाली होती.

प्रात्यक्षिकाची फुलं तेच आणत. पळसाचं फूल अंगठ्याच्या नखानं उकलून पाकळ्या मांडत. "ही बडी. या दोन बाजूच्या. आन् या आतल्या दोन, होडीवानी जुडलेल्या. तूर घ्या, हरभरा घ्या, असंच. सगे भाऊ हायेत. गुलमोहर चुलत. त्याची वरची पाकळी कळीत सगळ्यांच्या आत दबून ऱ्हाते, यांची सगळ्यांच्या बाहेर. पण शेंग दोघांकडं!" हेच नानासाहेब पाऊण तास सांगत आणि आम्ही पाऊण तास झोपत असू.

मी एम.एस्सी.ला असताना करीमभाईंना कायम करायची मुलाखत निघाली. त्यांची मुलगी शकीला हिचं स्थळ त्यावरच अडलं होतं. नोकरी पक्की झाली की बोलू, असा पाहुण्यांचा निरोप होता. मुलाखत घ्यायला नानासाहेब, टिपणं घ्यायला मी.

नानासाहेबांनी गोकर्णाचं फूल पुढे सरकवलं. "आकृतीप्रमाणे मांड."

आकृती त्यांच्याच गाईडातली. वाटाण्याची मोठी पाकळी वर असते. गोकर्ण वाटाण्याचं नातलग, म्हणून साहेबांनी तेही तसंच उभं केलेलं. वेल बघायची त्यांना गरज वाटली नव्हती.

करीमभाईंनी मोठी पाकळी खाली ठेवली.

"उलटं ठेवलंस."

"नाय साब. हे उलटंच लटकतं. खिडकीबाहेर वेल हाय, बघून घ्या."

खिडकी चार पावलांवर होती. कोणी उठलं नाही. नानासाहेब माझ्याकडे वळले. "काय रे, तू परीक्षेत कसं काढलं होतंस?"

ती वेल मला करीमभाईंनीच दाखवली होती. मी म्हणालो, "मोठी पाकळी वर, सर."

"मार्क?"

"वीसपैकी अठरा."

'मूलभूत ज्ञान अपुरे', असा शेरा पडला. तो माझ्याच अक्षरात आहे. शकीलाचं स्थळ मोडलं आणि करीमभाई पुढे एकोणीस वर्षं तात्पुरतेच राहिले.

मी विभागप्रमुख झालो. गाईडावर आता माझंही नाव असतं. आकृती तीच आहे, कारण पेपर तपासणारे तीच पाठ करून आलेत.

तात्पुरत्या माणसाला निरोपसमारंभ नसतो, म्हणून करीमभाई नोकरीतून सुटले तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. दारावर गोकर्णाची वेल चढवलेली, निळी फुलं लागलेली. शकीलानं चहा आणून दिला. ती अजून बापाच्याच घरात होती. करीमभाईंनी एक फूल तोडलं आणि मोठी पाकळी वर करून माझ्या तळहातावर नीट ठेवलं.

"तुमच्यासाठी सरळ केलं साब," ते म्हणाले. "आता बरोबर हाय ना?"

शकीला दारात उभी राहून माझ्या उत्तराची वाट बघत होती.