बोटीमागे ओतलेलं पाणी

ग्रीसच्या त्या छोट्या बेटावरून समोरचा तुर्कस्तानचा किनारा इतका जवळ दिसतो, की तिथली घरं वेगवेगळी ओळखता येतात. मी ज्याच्याकडे उतरलो होतो, त्या म्हाताऱ्या यानिसबरोबर धक्क्यावर उभा होतो. तिकडे जाणारी बोट सुटली आणि त्याने हातातलं पेलाभर पाणी तिच्यामागे दगडावर ओतलं. मला वाटलं, पाणी कोमट झालं म्हणून टाकलं असेल.

"बोटीत हसन आहे, माझा तुर्की दोस्त," तो म्हणाला. "जाणाऱ्याच्या मागे पाणी ओतायचं. म्हणजे तो पाण्यासारखा सुखरूप जातो आणि तसाच परत येतो. त्याची आई ओतायची, माझीही ओतायची."

मला आपलं 'येतो' आठवलं. निघताना कुणी चुकून 'जातो' म्हणालं, की आई त्याला दारातच अडवायची, "येतो म्हणावं" म्हणायची. माणूस परत येईल ना, ही धास्ती सगळ्या उंबऱ्यांवर सारखीच असावी.

दोन्ही सरकारांचं पुन्हा बिनसलं होतं. बोट बंद होणार, असं धक्क्यावर सगळेच बोलत होते.

"मागे बंद झाली, तेव्हाच हसनची बायको गेली," यानिस म्हणाला. "त्याच्या घरचा दिवा इथून दिसतो. तेवढाच बघत बसलो."

त्याने पेला उपडा करून शेवटचा थेंबही झटकला. ऊन कडक होतं. बोट अजून नजरेत होती, पण दगड केव्हाच सुकला होता.