बाबांच्या डावीकडचा अंधार

बाबांनी आयुष्यभर ग्वाल्हेरच्या शाळांत भौतिकशास्त्र शिकवलं. तिथं हिंदीतून, घरी मात्र मराठीच. निवृत्तीनंतर हरिशंकरपुरमच्या आमच्या घरात त्यांची एकच विद्यार्थिनी उरली, माझी मुलगी. एका संध्याकाळी लाईट गेली आणि ती म्हणाली, "आजोबा, रोशनी की तो स्पीड होती है. मग अंधाराची किती असते?"

बाबा खूश झाले. "अंधार कुठूनही येत नाही गं. उजेड निघून जातो, आणि तो गेल्याचं आपल्याला उजेडाच्याच वेगानं कळतं. सूर्य आत्ता विझला, तरी आठेक मिनिटं तुला ऊन दिसत राहील."

"म्हणजे तो गेलेला असेल और हमें पता भी नहीं चलेगा?"

"नाही कळणार."

त्याच सुमारास आईची एक तक्रार सुरू झाली होती. बाबा ताटाच्या डाव्या बाजूला हातच लावत नसत. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं तसंच राहायचं. "माझ्या हाताची चव गेली असेल तर तसं सांगावं माणसानं," ती माझ्यापाशी म्हणायची. मग एके दिवशी जेवताना बाबांनीच विचारलं, "आज चटणी नाही वाटलीस?"

चटणी ताटात होती. आईनं माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, बराच पुढे गेलेला, डावीकडे जास्त. नजर कडांकडून जाते, मधली शेवटपर्यंत राहते, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. "जो चली गई वो लौटेगी नहीं, मास्टर साहब," ते म्हणाले. "जो बची है, उसे बचाने की कोशिश करेंगे."

परतताना रिक्षात बाबा म्हणाले, "केव्हाची गेली होती. आणि मला वाटत होतं, सगळं दिसतंय."

थेंब झाले, ऑपरेशन झालं. तरी कमी होतच गेलं. दारांच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या. बाजारात शेजारून कुणी नमस्कार केला, तर बाबा तसेच पुढे जात आणि लोकांना वाटे, मास्तर बदलले. आई जेवताना त्यांच्या शेजारी बसायची, ती आता समोर बसू लागली. चटणी ताटात मधोमध आली, भाताला अगदी खेटून.

मुलगी तोवर कॉलेजात गेली होती. तिनं एकदा विचारलं, "आजोबा, जिथं दिसत नाही तिथं काळं असतं का?"

"तुझ्या डोक्यामागे तुला काय दिसतं?"

तिनं विचार केला. "काहीच नाही."

"काळंसुद्धा नाही ना? तसंच."

ती उठून मोरीत गेली आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून उभी राहिली.

शेवटी बाबांना खिडकीचा उजेड तेवढा कळायचा. थंडीत आई सकाळी त्यांना पलंगावर खिडकीशी बसवायची. तिथं बसून ते दिवस कितीसा वर आलाय ते सांगायचे आणि बहुतेक बरोबर सांगायचे.

त्या सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा खिडकी सताड उघडी होती. त्यांच्या मांडीवर, हातांवर ऊन पडलं होतं.

"अगं, खिडकी नाही उघडलीस अजून?" बाबांनी विचारलं.

शाल घडी करता करता आई थांबली. "नाही हो. बाहेर कोहरा आहे. थोड्या वेळानं उघडते."

बाबांनी हात उलटे केले, मग सुलटे. ऊब कळतच असणार.

"फार दाट आहे का?"

"फार. समोरचं घरही दिसत नाही."

"मग तुलाही काही दिसत नसेल."

"नाही," आई म्हणाली आणि त्यांच्या शेजारी उन्हात बसली. "मलाही नाही दिसत."

मी चहा तिथंच ठेवला आणि बाहेर आलो.