उपाशी वाकळ

जळकोटच्या द्वारकाबाईंची वाकळ अंगावर असताना कुणी थंडीनं कुडकुडत उठलं, असं गावात ऐकिवात नव्हतं. जुन्या लुगड्यांचे थर अंथरून त्या मांडीवर ओढायच्या आणि मधून टाके घालत कडेला यायच्या. आणि तोंड? ते सुईपेक्षा जोरात चालायचं. मी तेव्हा गावात ग्रामसेविका. तुळजापुरातल्या शिक्षकाची मुलगी, प्रशिक्षण घेऊन आलेली, म्हणजे अक्कल माझ्यापासून सुरू होते अशी ठाम समजूत. आज हे लिहिताना माझीच मला लाज वाटते, पण ज्यांच्याविषयी लिहायचं त्या द्वारकाबाई माझ्या लाजेशिवाय पुऱ्या होत नाहीत.

एकसष्ट साली उमरग्याला बायकांच्या हातकामाचा मेळावा ठरला. जळकोटहून आम्ही चौघी निघालो. सारजाबाईंची शिंकी, तारामतीच्या केरसुण्या, द्वारकाबाईंची वाकळ आणि कागदपत्रांची पिशवी घेतलेली मी. द्वारकाबाईंच्या मालकांनी, बलभीममामांनी, गाडीवर कामट्यांची कमान बांधून ताडपत्री ताणली. आत कडबा, वर घोंगडं, मागं पीठमिठाचं गाठोडं आणि तवा. दोन दिवस तेच आमचं घर. सडकेवरून मालमोटारी भोंगे वाजवत जायच्या आणि सारजाबाई त्यांना हात करून म्हणायच्या, "जा बाबा, जा. आमाला काय घाई न्हाय."

घाई नव्हती, पण द्वारकाबाईंना ओढ होती. मेळावा त्यांच्या दृष्टीनं निमित्त होतं. त्यांची लेक अयोध्या उमरग्याला दिलेली. तिचं पहिलं मूल आठ दिवसांत गेलेलं. आता दुसरं बाळंतपण सासरीच, दिवस भरत आलेले. ही वाकळ त्या बाळाची. "तुमचा मेळावा झाला की तशीच लेकीच्या घरी न्हेणार," हे त्यांनी मला निघण्याआधी तीनदा बजावलं होतं.

येणेगूरच्या अलीकडं ओढ्याकाठी मुक्काम झाला. सकाळी त्या तिघी ओढ्यावर गेल्या, बलभीममामा बैलांना पाणी दाखवायला. मी गाडीत एकटी. पाहते तर मुंग्यांची रांग वाकळीच्या गाठोड्यात शिरलेली. उलगडून पाहिलं, तर एका कोपऱ्यात बोराएवढी गाठ. चाचपली, तर आत काहीतरी कडक. मी कात्रीनं कोपरा उसवला. हळद लागलेला भाकरीचा वाळका तुकडा निघाला!

गावभर स्वच्छतेवर बोलत हिंडणारी मी. मेळाव्याला येणाऱ्या साहेबांनी मुंग्या पाहिल्या तर काय म्हणतील, एवढंच डोक्यात आलं. तुकडा फेकला, वाकळ झटकली आणि प्रशिक्षणात शिकवलेल्या बारीक टाक्यानं कोपरा शिवून टाकला. हे काय आहे, असं विचारायची मला गरजच वाटली नाही. उलट बाईंचं काम मी सुधारलं म्हणून खुशीत होते.

उमरग्याला शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. द्वारकाबाईंनी वाकळ उलगडली आणि सवयीनं कोपऱ्यावरून हात फिरवला. हात थांबला. त्यांनी कोपरा डोळ्यांजवळ नेला, मग खाली ठेवला.

"काय झालं?" सारजाबाईंनी विचारलं.

"घास ऱ्हायला की गं. उपाशीच शिवली."

सारजाबाईंनी कपाळावर हात मारला. तारामतीनं मला समजावून सांगितलं. वाकळीचा शेवटचा कोपरा शिवून मिटताना तिला भाकरीचा घास भरवायचा. पांघरणाऱ्याला कधी उपास पडू नये म्हणून. मागाहून उसवून भरवलेला चालत नाही आणि लेकराच्या अंगावर उपाशी वाकळ कुणी घालत नाही.

मी तेव्हाच बोलायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती म्हणावं, तर तीच जीभ तासाभरानं साहेबांना अहवाल घडाघडा सांगत होती!

"तुझ्या हातनं? अन् घास ऱ्हायला?" सारजाबाई म्हणाल्या.

"वय झालं," द्वारकाबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "मांडा बाई तुमी. बघायला काय हुतंय? पांघरायची न्हाय, एवढंच."

वाकळीला पहिलं बक्षीस मिळालं. साहेबांनी नेमका तोच कोपरा उचलून लोकांना दाखवला. "पाहा, खेड्यातल्या बाईचा टाका किती नेटका!" टाळ्या पडल्या. द्वारकाबाई मान खाली घालून उभ्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी मी. धरणी दुभंगली असती तर मी सुखानं आत गेले असते.

संध्याकाळी आम्ही अयोध्याकडं गेलो. पोरगी कमरेवर हात ठेवून दारात आली. तिची नजर आधी आईच्या तोंडाकडं गेली आणि मग रिकाम्या काखेकडं.

"आई, वाकळ?"

"झाली न्हाय गं. हात चालंना आता."

अयोध्या आम्हाला पाणी द्यायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी उंबऱ्याजवळ बसून होते. तेव्हाही बोलले नाही.

चार दिवसांनी तिला मुलगा झाला. चांगला धडधाकट. बापाच्या जुन्या धोतरात गुंडाळला म्हणे. पण गावात बोलणं पसरायचं ते पसरलंच. द्वारकाबाई आता घास विसरतात म्हणून बाळंतिणीच्या घरच्या लोकांनी त्यांच्याकडं बाळाच्या वाकळीसाठी जुनेर आणून टाकणं बंद केलं. त्या मोठ्या माणसांच्या वाकळी शिवत राहिल्या. माझ्याशी मात्र पहिल्यासारख्याच बोलायच्या, हसायच्या. मी मनाशी म्हणायचे, त्यांना काही कळलेलं नाही. शरमेत तेवढाच एक आडोसा होता.

पुढं जळकोटच्याच शाळेतल्या वसंतरावांशी माझं लग्न झालं. पौषात मुलगी झाली. बाराव्या दिवशी द्वारकाबाई लहानशी वाकळ घेऊन आल्या. तीन कोपरे मिटलेले, चौथा उघडा. पदराच्या गाठीतून त्यांनी हळद लावलेला भाकरीचा तुकडा काढला आणि सुईदोऱ्यासकट माझ्या पुढ्यात ठेवला.

"घास भरवा अन् कोपरा तुमीच शिवा, बाई. तुमचा टाका लई बारीक. उमरग्याला बघितला न्हवं म्या."

मी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"द्वारकाबाई, त्या दिवशी मी..."

"शिवा आदूगर," त्या म्हणाल्या. "बोलणं मागनं. लेकरू गारठलंय."