नवरदेव बदलला तर?

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि पदवी घेतली तीही तत्त्वज्ञानाची. पारोळ्याजवळच्या आमच्या गावात हे कुणाला समजावून सांगणं वडिलांना जड जायचं. शेजाऱ्याचा मुलगा पोलिसात, समोरच्याचा बियाण्यांच्या कंपनीत. माझं कुणी विचारलं की वडील म्हणत, "धुळ्याला प्रोफेसर आहे," आणि पुढचा माणूस विषय विचारायच्या आत चहा मागवत. मला शिकवायला त्यांनी काय काय सोसलं हे मला ठाऊक होतं, म्हणून तो चहा मला घशाखाली जात नसे.

धुळ्यातल्या देवपूरच्या कॉलेजात मुलं वर्गात टिकावीत म्हणून मी सिनेमा आणि मालिकांमधून शिकवू लागलो. मेलेला खलनायक परत आला की मी मृत्यूवर बोलतो. मुलं खलनायकावर बोलतात. तरी आपण काहीतरी मोठं करतो आहोत, असा माझा समज होता.

धाकट्या बहिणीच्या लग्नात या समजाची परीक्षा झाली. आमच्याकडे वरात मारुतीच्या पारावरून निघते आणि मांडवात पोचायचं विसरून जाते. डीजेपुढे नाचणाऱ्यांना मुहूर्ताची घाई नसते. ती फक्त मुलीच्या बापाला. मुहूर्त टळला, ऊन तापलं. लग्न लागल्याशिवाय पंगत बसत नाही, त्यामुळे वरणात चुरायच्या बट्ट्या टोपल्यांत गार होत होत्या. पाहुणे उठू लागले. पाहुणा उपाशी परत गेला असता, तर वडिलांना ते जन्मभर ऐकावं लागलं असतं.

त्यांनी माझ्या हातात माईक कोंबला. "इतलं शिकना ना तू? मंग बोल काहीतरी. लोकेस्ले बसाड."

मी गांभीर्याने घसा साफ केला. "सध्याच्या मालिकेत थोरली सून बदलली, पाहिलंत ना? नटीच वेगळी. चेहरा नवा, आवाज नवा. तरी सासू तिला तीच सून म्हणते. मग माणूस म्हणजे नक्की काय? चेहरा, नाव, की आठवणी?"

बायका खाली बसल्या. मागून एक अक्का म्हणाल्या, "नवीच बरी शे. पहिली नुसती रडे."

मांडव हसला. हशा मिळाला की मास्तर बिघडतो. मी आवाज चढवला, "आता समजा, आज या मांडवात नवरदेवच बदलला तर? टाकाल अक्षता?"

नेमका त्याच वेळी डीजे दोन गाण्यांच्या मध्ये थांबला होता. वरातीला मुहूर्ताची हाक ऐकू जावी म्हणून वडिलांनी भोंगे पाराकडे तोंड करून बांधले होते. माझा प्रश्न अख्ख्या वरातीला स्वच्छ ऐकू गेला.

सगळ्यांत आधी नवरदेवाचे मामा आले, फेटा हातात आणि श्वास फुललेला. मागून घोडा सोडून खुद्द नवरदेव पळत येत होता. त्याच्यामागे सगळी वरात.

"कोन बदली ऱ्हायना नवरदेव?" मामांनी मांडवभर नजर फिरवली.

"मामा, उदाहरण होतं ते," मी म्हणालो.

"उदाहरनले आमनाच पोऱ्या सापडना का?"

मी मालिकेतल्या सुनेपासून पुन्हा समजावू लागलो, पण सगळी वरात मांडवात आलेली पाहून वडिलांनी माईक काढून घेतला. "बठ्ठा ऊनात ना? धरा मंग अंतरपाट!"

लग्न लागलं. एकही पाहुणा उपाशी गेला नाही. पंगतीत वरण वाढताना वडील ज्याला-त्याला सांगत होते, "पोऱ्या तत्त्वज्ञान शिकाडस." कुणीतरी विचारलं, ते काय कामाचं? "वरात आनाना कामनं," वडील म्हणाले. इतकी वर्षं मी त्यांना विषयाचा जो उपयोग सांगू शकलो नव्हतो, तो त्यांनी स्वतःच शोधून काढला. मी मान खाली घालून जेवलो, पण पोट भरून जेवलो.

निघताना बहीण मला बिलगली आणि कानाशी म्हणाली, "दादा, नवरदेवाचं राहू दे. उद्यापासून माझं नाव वेगळं, घर वेगळं. मग मी तीच का?"

वर्गात या प्रश्नावर मी अख्खा तास बोलतो. तिथे एवढंच म्हणालो, "पोचलीस की फोन कर."

संध्याकाळी तिचा फोन आला.

"तीच बोलतेय," ती म्हणाली. "बट्ट्या कडक झाल्या होत्या रे."