हणमंतरावांची इटालियन कोशिंबीर

हणमंतराव सरवदे सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, तरी दाखल्यांचं टेबल काही त्यांच्यासमोरून हललं नाही. घरात ते आजही दूधवाल्याला ‘जेवणानंतर या’ म्हणत. खोटा दाखला त्यांना वासावरून कळायचा. आयुष्याची कमाई तेवढीच, आणि तिला आता गिऱ्हाईक नव्हतं.

त्या रविवारी त्यांची एकुलती मुलगी चैताली पुण्याहून धम्मदीपला घेऊन येणार होती. लग्न करीन तर ह्याच्याशीच, असं तिनं फोनवर सांगून टाकलं होतं. मुलगा आपल्यातलाच, बऱ्या नोकरीचा. पण दोन वर्षं इटलीत राहून आलेला. नेमकं तेवढंच हणमंतरावांना नडत होतं. आपलं घर बघून त्यानं नाक मुरडलं, तर पोरगी आपल्याला कधी माफ करायची नाही.

म्हणून त्यांनी मोबाइलवर इटालियन सॅलड शोधलं. टोमॅटोच्या चकत्या, मोझरेला चीजच्या चकत्या, बेसिलची पानं, वर ऑलिव्ह तेल. एवढा मोठा देश आणि गॅस पेटवत नाही, हे त्यांच्या बायकोला, विठाबाईंना, पटेना.

“कच्चंच वाडायचं व्हय पाव्हण्याला?”

चीज सात रस्त्याजवळच्या दुकानात मिळालं, पाण्यात बुडालेला पांढरा गोळा. ऑलिव्ह तेल मात्र औषधाच्या दुकानात, बाटलीवर हसरं बाळ. बेसिल म्हणजे तुळशीचीच बहीण असं वाचून ते शेजारच्या गुरम्माकडे गेले. धम्म घेतला त्या वर्षी वडिलांनी अंगणातली तुळस ह्याच घरी देऊन टाकली होती. आता त्यांचाच मुलगा दारात पानं मागत उभा. गुरम्मानं कुणाला खोकला झालाय ते विचारलं, आणि रविवारी तुळस तोडत नाहीत म्हणून खाली पडलेली पानं वेचून दिली.

हणमंतरावांनी ताट लावलं. लाल, पांढरं, लाल, पांढरं, फडताळातल्या फायलींसारखं. मग इस्त्रीचा शर्ट चढवायला आत गेले.

विठाबाईंची नजर बाटलीवर गेली. बाळाला चोळायचं तेल पाव्हण्याच्या पोटात? त्यांनी बाटली कपाटात टाकली, करडईच्या तेलात मोहरी-जिऱ्याची चरचरीत फोडणी केली, ताटावर ओतली आणि वर मूठभर दाण्याचा कूट पेरला.

हणमंतराव बाहेर आले तेव्हा धम्मदीप ‘जय भीम’ करून ताटासमोर बसलाही होता. ताटात पांढऱ्याला तारा सुटल्या होत्या, तुळस जळून काळी झाली होती, आणि चैताली फरशीकडे बघत होती.

“फोडणी मी दिली,” विठाबाई म्हणाल्या. “कच्चं बादतं की पोटाला.”

हणमंतरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली. आवाज कचेरीतलाच निघाला. “दक्षिण इटलीत असंच करतात.”

धम्मदीपनं कडक भाकरीचा तुकडा मोडला, तारांसकट एक चकती उचलली आणि सावकाश चावली.

“हो काका. तिकडं फोडणीशिवाय वाढतच नाहीत. कूट मात्र ज्याच्या त्याच्या घरचा.”

हणमंतरावांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. सही नाही, शिक्का नाही, डोळ्यांत खोटेपणाची साधी लाजही नाही. इतका उघड खोटा दाखला उभ्या नोकरीत त्यांच्या टेबलावर आला नव्हता. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“अगं,” ते विठाबाईंना म्हणाले, “जावयाला आणखी वाढ.”